शक्यताबाईंची चौदा वर्षं

आमच्या संध्याकाळच्या शाळेत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं. त्याच्या एका बाजूला मी टंकलेखन शिकवायचे, म्हणून माझं नाव खटखटबाई. दुसऱ्या बाजूला ती इंग्रजी शिकवायची. तिला सगळे शक्यताबाई म्हणायचे, अगदी तिच्या तोंडावरसुद्धा, आणि ती रागवायची नाही. रागवायला मी होते.

नाव उगीच पडलेलं नव्हतं. शिपायाने विचारावं, "बाई, चहा घेणार का?" तर ही म्हणायची, "बहुतेक." तो बिचारा कप हातात धरून उभा. "बहुतेक म्हणजे ओतू का नको?" मग ती हसायची आणि कप घ्यायची. आपल्याला जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोलावं, त्याच्यापेक्षा एक अक्षर जास्त नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. मी तिला म्हणायचे, अगं, चहा हवा की नको हे तरी तुला ठाऊक आहे ना? त्यावर म्हणायची, "पिऊन झाल्यावर कळतं."

तिची शिकवायची तऱ्हा मात्र अशी होती की पार्टिशनला कान लावावासा वाटे. वर्गात सगळे दिवसभर राबून आलेले लोक. पहारेकरी, ड्रायव्हर, इस्पितळातल्या आया, शिलाई कारखान्यातल्या बायका. बढतीच्या परीक्षेला इंग्रजी लागतं म्हणून आलेले, डोळे झोपेने जड झालेले. त्यांना ती बाकावर बसूच द्यायची नाही. खिडकीपासून दारापर्यंत फरशीवर खडूची एक लांब रेघ ओढायची. खिडकीशी लिहायची 'मस्ट', दाराशी 'कान्ट'. मधे 'प्रॉबब्ली', 'मे', 'माइट', आणि त्यांच्या आजूबाजूला 'परहॅप्स' आणि 'पॉसिब्ली'. मग दारावर टकटक करायची. "कोण असेल? खात्री किती आहे? जेवढी असेल तिथे जाऊन उभे राहा आणि वाक्य बोला."

ड्रायव्हर तडक खिडकीशी जायचा. "इट मस्ट बी द पिऊन!"

"पुरावा काय?"

"बाई, त्याच्या चपलेचा आवाज."

"मग ठीक. आणि तुम्ही?" हे पहारेकऱ्याला.

पहारेकरी रेघेच्या मध्यावर उभा राहून डोकं खाजवायचा. "इट माइट बी अ थीफ."

"चोर टकटक करतो का?"

"बाई, वीस वर्षं नोकरी केली. करतोसुद्धा."

वर्ग खदखदा हसायचा आणि 'माइट' कुठे वापरतात हे पहारेकरी मरेपर्यंत विसरायचा नाही. व्याकरणाच्या पुस्तकात याला चार पानं आहेत आणि ती वाचून कोणाला काही कळत नाही. ती पायाने शिकवायची. मी तिच्याइतकी चांगली शिक्षिका पाहिलेली नाही, आणि मी काही उगीच कोणाची तारीफ करणाऱ्यांतली नाही.

दरवर्षी सहामाहीच्या आधी ती एक धडा घ्यायची. टेबलावर एक कापडी पिशवी रिकामी करायची. एक चष्म्याचं रिकामं घर, एक फाटका बसचा पास, पेन्सिलीचा तुकडा, एक मोजपट्टी आणि मुठीला लाल दोरा गुंडाळलेला एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. "हा माणूस एका सोमवारी सकाळी घरातून गेला आणि परत आला नाही. वस्तू बघा. तो कुठे असेल? का आला नसेल?" मग लोक वस्तू उलटसुलट करून बघायचे, रेघेवर उभे राहायचे आणि वाक्यं बोलायचे. ही मे हॅव लॉस्ट हिज मेमरी. ही माइट बी ऑन अ शिप. ही मस्ट बी अ मेकॅनिक. ही कान्ट बी डेड, बिकॉज ही टुक हिज ग्लासेस. ती प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घ्यायची. कुणाला वाटायचं, मार्क देण्यासाठी.

त्या वस्तू तिच्या नवऱ्याच्या होत्या. हे शाळेत फक्त मला ठाऊक होतं.

नवरा शिलाई मशीनची दुरुस्ती करायचा. त्याने ठीक केलेल्या एका मशीनमध्ये एका मुलीचं बोट गेलं. चूक त्याची होती की नव्हती याची चौकशी सुरू व्हायच्या आत तो निघून गेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. सगळीकडे शोधून झालं. मग ही वाट बघायला लागली. ती तेव्हा सदतीस वर्षांची होती.

पहिल्यांदा तिने तो धडा घेतला तेव्हा मी तिला चांगलीच झापली. म्हटलं, जखमेवरची खपली स्वतःच्या हाताने काढतेस, वर तीस लोकांना दाखवतेस, लाज नाही वाटत? ती शांतपणे म्हणाली, "अगं, तीस डोकी विचार करतात. माझं एकटीचं डोकं किती करणार?" मी हात टेकले.

आणि घरी होती तिची नणंद. तिला आम्ही धाकटी म्हणायचो. नवऱ्याची सख्खी धाकटी बहीण, लग्न न झालेली, पाट्या रंगवायच्या दुकानात कामाला. अक्षर असं की बघत राहावं. वर्गातले 'मस्ट'-'माइट'चे मोठे पुठ्ठे तिनेच रंगवून दिले होते. नवरा गेल्यावर त्या दोघीच हिच्या नावावरच्या, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिल्या. हिने तिला नणंद म्हणून नाही, लेक म्हणून सांभाळलं. धाकटीला टायफॉइड झाला तेव्हा ही एकवीस दिवस शाळेत आली नाही आणि मी दोन्ही वर्ग सांभाळले, इंग्रजी येत नसताना. म्हणजे माझाही त्या पोरीवर थोडा हक्क होता असं समजा.

एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होते. धडा नुकताच झालेला. जेवताना वही उघडली गेली आणि दोघी त्या वर्षीची वाक्यं वाचायला लागल्या. धाकटी एकेका वाक्यावर बोट ठेवून म्हणत होती, "हे छान आहे बघा, वहिनी. हे मागच्या वर्षी कुणी लिहिलं नव्हतं." एका आयाने लिहिलं होतं की त्याला कदाचित घराचा रस्ता आठवत असेल पण जिना चढायची हिंमत नसेल. ते वाचून हिच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटीने आपल्या ओढणीने ते पुसलं. मी बघितलं ते. माझ्या समोर, हाताच्या अंतरावर पुसलं. आणि मी गाढवासारखी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला.

आता गेल्या वर्षीचं सांगते. दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या दिवसाच्या शाळेने तिला बोलावलं होतं. इंग्रजी विभागाची प्रमुख, राहायला जागा, आणि तिची ती खडूची रेघ तिथल्या चार शिक्षकांनाही शिकवायची. असं बोलावणं पूर्वी दोनदा आलं होतं आणि दोन्ही वेळा तिने नाही म्हणून कळवलं होतं. कारण एकच. "तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर काय समजेल?" तिने त्या दाराचं कुलूपही बदललं नव्हतं. त्याच्याकडे जुनी किल्ली असेल म्हणून.

हे तिसरं बोलावणं शेवटचं होतं. ती एक्कावन्न वर्षांची झाली होती आणि बावन्न पूर्ण झालेल्या कुणाला ते घेत नव्हते. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. गुरुवारी तिने मला पत्राचा मसुदा टाइप करायला दिला. लिहिलं होतं, पुढच्या वर्षी कदाचित येऊ शकेन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुढचं वर्ष आहे कुठे? आणि कदाचित काय? हे तुझं आयुष्य आहे, व्याकरणाचा तास नाही!"

"तू टाइप तर कर."

"मी नाही करत. घरी धाकटीशी बोललीस?"

"बोलले. ती म्हणाली, वहिनी, इतकी वर्षं थांबलात, आता एवढ्यासाठी कशाला?"

मी म्हटलं, उद्या करते. मनात ठरवलं होतं की हिचं मन बदलेपर्यंत रिबन सापडणारच नाही. आणि तो गुरुवार नेमका धड्याचा दिवस होता.

पार्टिशनपलीकडे पिशवी रिकामी झाल्याचा आवाज आला. माझ्या वर्गाला मी एक परिच्छेद देऊन ठेवला होता, आणि त्या खटखटीतही खुर्ची पार्टिशनला लावून बसल्यामुळे मला नीट ऐकू येत होतं. नेहमीसारखीच वाक्यं सुरू झाली. कुणी म्हणालं जहाज, कुणी म्हणालं तुरुंग. मग पावलांचा आवाज खिडकीपर्यंत गेला. ती त्या वर्षी नव्यानेच आलेली काजवाली होती, शिलाई कारखान्यात शर्टांची काजं करायची. वर्गात तोंड न उघडणारी.

"ही कम्स ऑन ट्यूजडे," ती म्हणाली.

"वाक्य बरोबर आहे," बाई म्हणाल्या, "पण आज आपल्याला शक्यतेचं वाक्य हवंय. ही मे कम ऑन ट्यूजडे. म्हणा बघू."

"नाही बाई. ही कम्स."

वर्ग हसला. बाईही हसल्या असाव्यात. "अहो, तुम्हाला कसं माहीत? आपण अंदाज करतोय."

मग काजवाली इंग्रजी सोडून बोलायला लागली. "अंदाज नाही हो, बाई. हा स्क्रू-ड्रायव्हर आमच्या मशीनवाल्यांचा आहे. त्यांच्या सगळ्या हत्यारांना असाच तिरका लाल दोरा असतो आणि टोकाला मेणाची गाठ. मी एकदा विचारलं त्यांना, तर म्हणाले, घामाने हात निसटत नाही. दर मंगळवारी येतात ते. डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे त्यांची. हे त्यांचं तुमच्याकडे कसं आलं?"

माझ्या वर्गातले टाइपरायटर बंद पडले, का ते मला माहीत नाही. मी उठून पार्टिशनच्या फटीतून बघितलं. बाई रेघेच्या मध्यावर उभ्या होत्या, बोटांत खडू तसाच. काजवाली खिडकीला पाठ टेकून उभी होती, आपलं काही चुकलं का अशा चेहऱ्याने.

"किती वर्षांपासून येतात?" बाईंनी विचारलं.

"मी लागले तेव्हापासून. तीन वर्षं झाली. त्याआधी पुलापलीकडच्या कारखान्यात होते म्हणतात."

पुलापलीकडे. बसने चाळीस मिनिटं.

बाईंनी वस्तू एकेक करून पिशवीत भरल्या, फळ्यावर गृहपाठ लिहिला, तो दोनदा वाचून दाखवला आणि वर्ग सोडला. गृहपाठ! मी धावत तिच्याकडे गेले तर ती खुर्चीत बसली होती आणि दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते. म्हणाली, "जिवंत आहे." एवढंच. तिच्या आवाजात आनंद होता, मी शपथेवर सांगते. आनंदच होता. त्याची आठवण मला आजही सहन होत नाही.

मी तिला सांगितलं, घरी काही बोलू नकोस, आधी खात्री करून घे. मला वाटलं, धाकटीला उगीच धक्का नको. माझी अक्कल बघा! शनिवारचं उत्तर दोन-चार दिवस पुढे ढकलण्यासाठी मी तिच्या नावाने त्या शाळेला फोन केला, माझाच आवाज जरा बारीक करून. त्यांनी बुधवारपर्यंत मुदत दिली.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघी कारखान्यात गेलो. लांबलचक शेड, मशीनच्या चार रांगा, सगळीकडे दोऱ्याचा बारीक कचरा उडत होता. काजवाली आपल्या जागेवरून उठली आणि न बोलता तिसऱ्या रांगेच्या टोकाकडे हात केला. तिथे एक माणूस मशीनखाली पाठीवर झोपून काहीतरी घट्ट करत होता. फक्त पाय दिसत होते.

बाई त्याच्या पायांशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याला वाटलं कोणी कारागीर आहे. आतूनच म्हणाला, "होईल, होईल. पाच मिनिटं."

मग त्याने मान बाहेर काढली. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. बघताच उठून बसला आणि डोकं मशीनच्या फळीवर आपटलं. त्याचं मला बरं वाटलं.

"तू?" तो म्हणाला. मग जे म्हणाला ते मी विसरणार नाही. "तू परत कधी आलीस?"

"परत?" बाई म्हणाल्या. "मी कुठे गेले होते?"

तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. हातातला पाना त्याने खाली ठेवला. "तुझं लग्न झालं ना? तू त्या दुसऱ्या गावी गेलीस. शाळेत. धाकटी म्हणाली."

"केव्हा म्हणाली?"

"मी आलो होतो ना. गेल्यावर दीड वर्षाने. घरी यायची हिंमत नव्हती, म्हणून तिच्या दुकानात गेलो. म्हटलं, वहिनीला विचार, येऊ का. तर ती म्हणाली, उशीर केलास दादा. वहिनीने दुसरं घर केलं. खोल्या आता माझ्या एकटीच्या नावावर आहेत."

आजूबाजूच्या बायका मशीन चालवत होत्या, पण सुई कुणाचीच कापडात नव्हती. सगळ्या ऐकत होत्या. बाईंचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येत नाही. कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारावी आणि ती कुणी मारली हे बघायला मान वळवावी, तर ते आपलंच माणूस निघावं, तसा झाला.

"तुम्ही स्वतः येऊन का नाही बघितलंत?" तिने विचारलं. चौदा वर्षांनंतरही तिने त्याला अहो-जाहो केलं, हेही माझ्या लक्षात राहिलं.

"लाज वाटली. आणि धाकटी कशाला खोटं बोलेल?"

"वाटली म्हणे लाज!" मी मधेच तोंड घातलं. मला राहवलं नाही. "चाळीस मिनिटांची बस आहे! सोयीचं होतं म्हणून विश्वास ठेवलात!"

तो माझ्यावर चिडला नाही. खाली मान घालून म्हणाला, "खरं आहे." आणि मग, जणू हेही आत्ताच सांगून टाकलं म्हणजे सुटका होईल, "मला आता मुलगी आहे. आठ वर्षांची. तिची आई पलीकडच्या शेडमध्ये काम करते."

बाईंनी मान हलवली. काजवालीजवळ थांबून तिला म्हणाल्या, "तुमचं वाक्य बरोबर होतं. मी उगीच सुधारलं." मग आम्ही बाहेर पडलो.

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. अर्धा रस्ता संपला. मग म्हणाली, "जवळजवळ चारशे लोकांनी वाक्यं लिहिली गं. जहाज, तुरुंग, आजार, दुसरी बाई, वेड, सगळं लिहिलं. त्याला कोणी खोटं सांगितलं असेल, असं एकानेही लिहिलं नाही. माझ्याही डोक्यात कधी आलं नाही." आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, बसभर ऐकू जाईल असं. मी तिला रडू दिलं. 

धाकटी दुपारच्या सुट्टीत घरी जेवायला आली होती. बोटांना निळा रंग लागलेला. आम्हा दोघींना एकत्र आणि अशा वेळी बघून ती दचकली, पण म्हणाली, "बसा ना, पान वाढते."

"मी तुझ्या दादाला भेटून आले," बाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं ती नाकारेल, रडेल, पाया पडेल. तसं काही झालं नाही. ती हळूच खुर्चीवर बसली आणि बोटांवरचा रंग नखाने खरवडायला लागली.

"कितीदा आला तो तुझ्याकडे?"

"तीनदा. शेवटी आला तेव्हा मुलीला घेऊन आला होता. मी तिला तिच्या नावाची पाटी रंगवून दिली."

"ते कधी?"

"पाच वर्षं झाली." मग तिने स्वतःच सांगितलं, "त्या दिवशी संध्याकाळी तुमचा धडा झाला होता."

म्हणजे ती पाटी रंगवून घरी आली, हात धुतले आणि वहिनीशेजारी बसून वही वाचली. हे छान आहे बघा, वहिनी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "अगं, कसायाला तरी दया येते. हिने तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं आणि तू केसाने गळा कापलास!"

"तुम्ही मधे बोलू नका," धाकटी म्हणाली. मग बाईंकडे वळली. "वहिनी, दादा जायच्या दोन महिने आधी मला काय म्हणाला होता, आठवतं? तू आता तुझं बघ. दोन महिन्यांत दुसरीकडे सोय कर. तुम्ही तिथेच उभ्या होतात, कपडे घडी करत. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

बाईंनी नजर वळवली. म्हणजे ते खरं होतं.

"मग तो गेला. आणि तुम्ही म्हणालात, तू इथेच राहा, आपण दोघी मिळून वाट बघू. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी राहा म्हटलं. तो परत आला असता तर मी कुठे गेले असते?" तिने बोटं ओढणीला पुसली. "तुम्ही वाट बघत होतात तोपर्यंत हे घर माझं होतं. दरवर्षी वाटायचं, सांगावं. पण तुम्ही सगळ्या वर्गाला विचारायचात. पहारेकऱ्याला विचारायचात, ड्रायव्हरला विचारायचात. मला एकदाही विचारलं नाहीत, धाकटे, तुला काय वाटतं?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

धाकटीचं नख रंगावरच थांबलं. "नाही," ती म्हणाली.

निदान तेवढं तरी तिने खरं सांगितलं. बाई उठल्या, आपली पिशवी घेतली आणि माझ्याबरोबर शाळेत आल्या. वर्ग भरायला तीन तास होते. तिने उभ्या उभ्याच मला पत्र सांगितलं आणि मी ते टाइप केलं. रिबन अर्थातच सापडली. एक ओळ होती. मी एक तारखेला रुजू होईन. मी वाचून दाखवलं आणि विचारलं, पुढे काही घालू का? ती म्हणाली, "नाही. एवढंच मला माहीत आहे."

निरोपाच्या दिवशी सकाळी मी टॅक्सी घेऊन गेले. सामान दोन पेट्या आणि पुस्तकांची चार खोकी. मधल्या तीन आठवड्यांत त्या दोघी एकाच घरात राहिल्या, एकाच चुलीवरचं जेवल्या आणि कामापुरतंच बोलल्या. बाईंनी खोल्यांचे कागद धाकटीच्या नावावर करून दिले होते. त्यावरून मी तिच्याशी कडाक्याचं भांडले. ती म्हणाली, तिला जायला जागा नाही. मी म्हटलं, नसू दे. आम्ही दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही.

टॅक्सीवाल्याने शेवटचं खोकं उचललं. बाई जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्या होत्या आणि मी त्यांच्या मागे होते. धाकटी दारात आली. तिने केस विंचरले नव्हते. इतकी वर्षं दुसऱ्याची वाट संपू न देणारी ती पोरगी त्या वेळी अगदी लहान दिसत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "परत याल ना कधी?"

मला ठाऊक होतं बाई काय म्हणणार. आयुष्यभर तिने दुसरं काही म्हटलंच नव्हतं. आणि या एका वेळी तो शब्द तिच्या तोंडून ऐकायला मी उत्सुक होते, कारण त्या शब्दाने माणूस चौदा चौदा वर्षं दाराशी कसं बसून राहतं हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

बाईंनी मागे वळून तिच्याकडे बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "येणार नाही. तू वाट बघू नकोस."

आणि त्या खाली उतरल्या. मी असते तर 'कदाचित' म्हटलं असतं.